साडेनऊ तासांची दुपार

लंडनहून आल्यापासून गटाच्या प्रत्येक बैठकीत मला एकच फर्माईश असते, विमानाचं सांगा. सांगता सांगता चहा थंड होतो आणि हप्त्यांचा हिशोब मागे पडतो. शेवटी आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही एकदाच रेडिओवर सांगून टाका, म्हणजे बैठकी तरी वेळेवर सुटतील." म्हणून आज इथे बसले आहे.

मी कौंडण्यपूरची. वर्धा नदीच्या काठचं आमचं गाव, रुक्मिणीचं माहेर. अंबिकेच्या देवळातून कृष्णाने तिला रथात घेतलं आणि थेट द्वारकेला नेलं, ही गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. आमच्या गावची लेक अशी पहिल्यापासूनच लांब दिलेली. माझी धाकटीही लग्न होऊन गेली ती लंडनला. मागच्या जून महिन्यात तिचं बाळंतपण होतं, पहिलटकरीण, आणि तिकडे सासूबाई नाहीत. मला जाणं भाग होतं.

इकडे मृग तोंडावर आलेला. सोयाबीनचं बियाणं घरात येऊन पडलेलं, मजुरांना सांगून ठेवलेलं. पेरणीच्या दिवसांत घरची बाई परदेशी निघाली, असं आमच्या गल्लीत आधी कधी झालं नव्हतं. मालक काही बोलले नाहीत. पण न बोलणंही ऐकू येतं.

तिकीट जावयांनी काढलं. त्यांची नोकरी फिरतीची आहे, महिन्यातून दोनदा विमानात बसतात. विमान कंपन्या अशा गिऱ्हाइकांना गुण देतात. किराणा दुकानात कुपन मिळतं ना, तसंच. ते साठवायचे आणि पुढे तिकिटात वळते करायचे. त्यांच्याकडे एका फेरीपुरते गुण साठले होते. एका बाजूने आईला पुढच्या वर्गात, म्हणजे बिझनेस क्लासमध्ये बसवू, असं दोघांनी ठरवलं. आता जाताना की येताना, यावर दोघांचं वाजलं. जावई म्हणत होते, येताना घेऊ. लंडनहून येणारं विमान रात्रीचं असतं, रात्री पलंगाचा उपयोग आहे. जातानाचं दिवसाचं आहे, दुपारी एकला निघून उजेडातच पोचतं. दिवसाच्या विमानात पलंग म्हणजे गुण वाया. त्यांचं गणित बरोबर होतं. शिवाय इंग्लंडमधून निघणाऱ्या विमानांवर तिकडचं सरकार कर घेतं आणि पुढच्या वर्गाला तो दुपटीहून जास्त असतो, तेवढी एक बाजू माझ्या जाण्याकडे झुकत होती.

पण लेकीने कराचं नाव काढलं नाही. फोनवर मला एवढंच म्हणाली, "माय, तू दिवसा झोपलेली मी कधी पाह्यली नाई. एकडाव झोप."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही, किंवा कळलं आणि मी बाजूला ठेवलं. तूप कढवायला घेतलं.

तुपाचं आधी सांगते, कारण ज्यांच्या लेकी तिकडे आहेत त्यांना कामाचं आहे. इंग्लंडमध्ये आपल्याकडून दुधाचा पदार्थ नेता येत नाही. तूप नाही, खवा नाही, पेढा नाही. बाळंतिणीकडे निघालेली आई आणि बरणीत तूप नाही! मी दोन किलो कढवून बसले होते, ते सगळं जाऊबाईंना दिलं. सुकं खोबरंही सामानाच्या बॅगेत चालत नाही. त्यात तेल असतं, पेट घेतं, म्हणून विमानवाले काढून ठेवतात. डिंक, खारीक, बदाम, सुंठ एवढं कोरडं नेलं. लोणी तिकडच्या दुकानातून आणलं आणि तूप त्यांच्या शेगडीवर कढवलं. वास घरभर झाला आणि धुराची घंटी वाजली. ती गोष्ट पुन्हा कधी.

मुंबईपर्यंत रेल्वेनेच गेले. आपल्या बेलोऱ्याचं विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं, मुंबईला विमान जातं. पण ते रोज नसतं, माझा वार जुळला नाही. अमरावतीहून संध्याकाळच्या गाडीत बसले, भाच्याने सकाळी मुंबईत उतरवून घेतलं आणि विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. दाराच्या आत तिकीट असलेल्यालाच सोडतात, तिथून मी एकटी.

आत रांगा. मी सवयीने सगळ्यात लांब रांगेत उभी राहिले. अर्ध्या तासाने एका मुलीने माझा कागद पाहिला आणि म्हणाली, "मावशी, तुमची रांग ती." त्या रांगेत चार माणसं होती. सुटाबुटातली. माझ्या पायात चप्पल, अंगावर सुती लुगडं, हातात दशम्यांची पिशवी. काउंटरवरच्या बाईने मला बसायला खुर्ची दिली आणि आडनावाने हाक मारली. नंतर एका मोठ्या खोलीत पाठवलं. तिथे सोफे, पोहे, इडली, फळं, चहा, सगळं फुकट. पैसे तिकिटातच आलेले असतात हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी फक्त पाणी प्यायले आणि दशमी खाल्ली. नंतर लेक म्हणाली, तुझ्या तिकिटात दहा जणींचा नाश्ता होता.

आता खुर्ची. लाकडी कपाटासारखा आडोसा, आत रुंद खुर्ची, समोर पडदा, बाजूला फळी. पाय ठेवायला समोर वेगळी गादी, तिथपर्यंत माझे पाय पोचेनात. हाताशी बटणांची पट्टी. एक बटण दाबलं की पाठ मागे जाते, दुसरं दाबलं की पाय वर येतात. सगळी खुर्ची सपाट केली की माणूसभर लांबीचा पलंग होतो. विमान सुटताना आणि उतरताना मात्र ती सरळच ठेवावी लागते.

हा वर्ग आला कसा, हे मला जावयांनी नंतर सांगितलं. मुंबईहून लंडनला आपलं पहिलं विमान गेलं ते ८ जून १९४८ ला, एअर इंडिया इंटरनॅशनलचं, मलबार प्रिन्सेस नावाचं. मृगाच्याच दिवसांत गेलं म्हणायचं. ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत जात होतं, आताचं न थांबता जातं. पुढे विमानं मोठी झाली, तिकिटं स्वस्त झाली, मागच्या बाजूला गर्दी झाली. मग कंपन्यांच्या कामासाठी पूर्ण भाडं भरून जाणारी माणसं कुरकुर करू लागली की, आम्ही जास्त पैसे देतो आणि बसतो त्याच गर्दीत. त्यांच्यासाठी १९७०च्या दशकाच्या शेवटी मधे एक वेगळा भाग केला, तो बिझनेस क्लास. सपाट होणारे पलंग तर २००० सालापासूनचे. मागे तेवढ्या जागेत तीन जणी बसतात, म्हणून तिकीटही साधारण तीन-चार पट. विमानात या खुर्च्या थोड्याच असतात, पण कंपनीच्या कमाईचा मोठा वाटा तिथून येतो. आमच्या गटातल्या एका बाईने हे ऐकून लगेच हिशोब केला, म्हणजे चार जणींचं तिकीट तुम्ही एकटीने झोपून काढलं. मी म्हटलं, होय बाई, झोपून काढलं. ते कसं ते ऐका.

विमान सुटलं. खाली समुद्र आला आणि मग ढगच. हवाईसुंदरी आली, खाली वाकून नावाने बोलली. जेवणाचा छापील कागद दिला, इंग्रजीत. मी म्हटलं, वाचून दाखव पोरी. तिने हिंदीत सगळं वाचून दाखवलं, न कंटाळता. शाकाहारी आधीच सांगून ठेवलं होतं. साध्या तिकिटालाही ते आधी सांगता येतं, निदान एक दिवस आधी. समोरच्या फळीवर पांढरं कापड अंथरलं. काचेचा पेला, चिनी मातीच्या ताटल्या, आणि एकदम सगळं न वाढता एक एक आणलं. एक ताटली उचलायची, दुसरी ठेवायची. माझा जीव त्या पोरीकडे. ती तीनदा आली, तीनदा मी उठायला गेले, भांडी उचलायला. चौथ्यांदा तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "माँजी, बैठिए."

बायांनो, लग्नापासून आजपर्यंत मला कुणी बसवून चार वेळा वाढलं, असं झालेलं नाही. मी हाताने जेवले. सुटातल्या शेजाऱ्याने एकदा पाहिलं आणि आपल्या काट्या-चमच्याकडे वळला.

जेवण झालं आणि अडीच-तीनच्या सुमारास त्यांनी खिडक्यांच्या झडपा पाडल्या, दिवे मंद केले. भर दुपारी रात्र केली. ती पोरगी आली, माझी खुर्ची सपाट केली, वर गादी घातली, उशी ठेवली, पांघरूण उलगडलं. म्हणाली, आता झोपा. आणि गेली.

मी त्या पलंगाच्या काठावर बसून राहिले. तासभर.

तुम्हाला हसू येईल. पण विचार करा, तुमच्यातली कोण दिवसा आडवी होते? पहाटे पाणी, मग सडा, चूल, डबे, मग निंदण नाहीतर वेचणी, आल्यावर पुन्हा चूल. दुपारी भिंतीला पाठ लागली तर कान दाराकडे. कुणाची चाहूल लागली की आपण उठून बसतो आणि सूप हातात घेतो, रिकामं का असेना. दिवसा निजलेली बाई एकतर दुखणाईत, नाहीतर आळशी. माझ्या सासूबाईंच्या तोंडी तर तिसरा शब्द होता, तो रेडिओवर सांगता येत नाही.

दिवसा अंथरुणावर पडायचा हक्काचा काळ एकच, बाळंतपणाचा. मोठ्याच्या वेळी मला माहेरी सव्वा महिना मिळाला. धाकटीच्या वेळी नाही. ती मृगात झाली. आई वारलेली होती, म्हणून बाळंतपण सासरीच. पाऊस वेळेवर आला आणि मजूर मिळेना. बाराव्या दिवशी बारसं झालं, तेराव्या दिवशी मी ओटीला बियाणं बांधून वावरात होते. पोर धुऱ्यावरच्या झाडाला झोळीत. कुणी मला ढकलून पाठवलं नाही, हेही खरं सांगते. मीच गेले. घरात पडून राहायची लाज वाटत होती.

तेव्हापासून अंग बाहेर येण्याचा त्रास लागला. बाळंतपणानंतर शरीर सैल असतं, पोटातल्या पिशवीला धरून ठेवणारे स्नायू ताणलेले असतात, त्यात लवकर ओझं उचललं, उकिडवं बसून काम केलं, तर पिशवी खाली सरकते. माझी सरकली. चौदा वर्षं कुणाला बोलले नाही. कपड्याची घडी लावून कापूस वेचला. खोकला आला की मांड्या आवळून उभी राहायची. मग ऑपरेशन झालं, आता बरी आहे, पण फार वेळ बसलं की कंबर धरते. लेकीला हे सगळं तिच्या आजीकडून कळलं. ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसून आजीनेच सांगितलं तिला, "तुह्या वक्ताले तुही माय तेराव्या दिवशी वावरात गेल्ती." सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनाही कुणी निजू दिलं नव्हतं.

हे सगळं त्या पलंगाच्या काठावर बसून आठवलं. आणि लेकीचं फोनवरचं वाक्य तेव्हा कळलं.

मी लुगडं सारखं केलं आणि आडवी झाले. आधी कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, कारण तशीच सवय. मग सरळ. पाय पसरले तरी कुणाला लागले नाहीत. वरती छत, अंगाखाली विमानाची बारीक थरथर, बैलगाडीत गवतावर पडल्यावर लागते तशी. डोळे मिटले तरी कान दाराकडे होते. दार कुठे आहे तेच माहीत नव्हतं. मग कधीतरी लागली झोप.

जागी झाले तेव्हा अंगावर आणखी एक पांघरूण होतं. समोरच्या पडद्यावर नकाशा, त्यात विमान तुर्कस्तानवर आलेलं. तोंड कोरडं पडलेलं. विमानातली हवा फार कोरडी असते आणि विरळही असते. आपलं चिखलदरा समुद्रापासून अकराशे मीटरवर आहे ना, विमानाच्या आत अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवर असावी तशी हवा राखतात. बाहेर तर दहा-अकरा किलोमीटरची उंची आणि उणे पन्नासच्या आसपास थंडी. म्हणून घोट घोट पाणी पीत राहायचं. आणि उठून चालायचं. मी दोन फेऱ्या मारल्या, मागच्या पडद्यापर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं होतं की चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तरी तो थोडाच, सहा हजारांत एखाद्याला. पण ज्यांच्या पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत, नुकतं ऑपरेशन झालं आहे किंवा दिवस गेले आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं. पलंग मिळाला म्हणून हे टळत नाही. नऊ तास न हलता पडून राहिलं तरी पाय तेच.

जागेवर येऊन खिडकीची झडप चार बोटं वर केली. भक्कन ऊन आत आलं. घड्याळ काही मी बदललं नव्हतं, त्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले. घरी आता भाकरी झाल्या असतील, आणि इथे दुपार. दुपार संपतच नव्हती. विमान पश्चिमेला पळत असतं, सूर्यही पश्चिमेला. पृथ्वी फिरते त्याच्याहून विमान हळूच, पण तेही त्याच दिशेला पळतं, त्यामुळे त्याला मागे टाकायला सूर्याला वेळ लागतो. एकला निघाले, साडेनऊ तास गेले, आणि लंडनला उतरले तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा. जूनमध्ये तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. एवढी मोठी दुपार मला आयुष्यात मिळाली नव्हती, आणि त्यातली सव्वादोन तास मी झोपले होते.

आमच्या गावची रुक्मिणीची पालखी त्या दिवशी पंढरीच्या वाटेवर होती. ती पायी महिनाभराहून जास्त चालते. मी एकदा गेले आहे त्या वारीला. दुपारच्या मुक्कामाला झाडाखाली बाया पडायच्या, डोक्याखाली गाठोडं, आणि तिथे कुणी कुणाला आळशी म्हणत नव्हतं. विमानात मला तेच झाड आठवलं. तेवढी जागा सोडली तर दिवसा निजलेल्या बाया मी पाहिलेल्या नाहीत.

लेक विमानतळावर आली होती, पोट सांभाळत. तिने विचारलं, "निजली का वं?" मी म्हटलं, "हाव." ती रडायला लागली. मी म्हटलं, "येडी, झोपल्यानं काय रडते?" नऊ दिवसांनी नात झाली. मी तिला चाळीस दिवस अंथरुणावरून फारशी उठू दिली नाही. अधूनमधून चालायला लावलं, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण ओझं नाही आणि ओणवं काम नाही. जावयांनी भांडी घासली. त्यांना बरी जमतात.

येताना साधं तिकीट होतं आणि विमान रात्रीचं. दिवसाला पलंग आणि रात्रीला खुर्ची, असा माझा प्रवास. मधल्या खुर्चीवर होते, दोन्ही हातांना दोन माणसं, गुडघे पुढच्या खुर्चीला. शेजारी एक गुजराती बाई, तीही लेकीच्या बाळंतपणाहून परतणारी. आम्ही दोघी रात्रभर बोलत आलो, तिच्याकडे थेपले होते. गप्पांच्या दृष्टीने मागचा वर्ग चांगला, हे मी कुणालाही सांगेन. पुढे सगळे आपापल्या कपाटात. पण कंबर दोन दिवस धरली ते धरलीच. तीन-चार पट पैसे देऊन खिशातून ते तिकीट काढावं का? मी तर काढणार नाही. तेवढ्यात आमच्या वावराला तार कुंपण होतं.

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत गोधडी टाकली आणि आडवी झाले. दार उघडंच होतं. शेजारची आली, उंबऱ्यातच थांबली. "काहून काकू, बरं नाही का?"

मी पडल्या पडल्याच म्हटलं, "बरी हाय. निजली हाये."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग आत येऊन भिंतीला टेकून बसली. बोललो नाही दोघीही. आता तीही कधी कधी येते, स्वतःचं पांघरूण घेऊन. आमच्या सुनेलाही मी सांगितलं आहे, जेवण झालं की तासभर पडायचं, मी जागी असते. तिला सातवा महिना लागला आहे. ती अजून काठावर बसते.

ज्यांच्या लेकी बाहेर आहेत आणि जायचं घाटत आहे, त्यांनी बैठकीच्या दिवशी पासपोर्ट घेऊन या. व्हिसाचा अर्ज कसा भरतात, बोटांचे ठसे द्यायला जाताना काय कागद लागतात, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवा, साध्या तिकिटालाही मिळते. आणि खोबऱ्याची वाटी घरीच ठेवा. नमस्कार.